घड्याळ म्हणतं ११२ आणि बाईंना तर बोलवेना: तिसऱ्या सेशनची केस

नवीन ट्रेनर पोरांना शिकवताना मी दरवेळी हीच केस काढतो, कारण यात कुणी मोठा मूर्खपणा केलेला नाही. ट्रेनी हुशार होता, सर्टिफिकेशनची परीक्षा तोंडावर आलेली, फॉर्म्युले पाठ, डब्ल्यूएचओची २०२० ची शिफारस (आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंचा) झोपेतून उठवून विचारली तरी घडाघडा सांगेल. क्लायंटही प्रामाणिक होत्या, काही लपवलं नव्हतं. फॉर्म भरलेला होता, त्यावर सही होती. आणि तरी तिसऱ्या सेशनला बाई ट्रेडमिलवरून उतरताना माझ्या हातावर कोसळायच्या तेवढ्या राहिल्या.

ओळख लागू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत, बाकी सगळं घडलं तसंच.

क्लायंट ४४ वर्षांच्या. दिवसभर बसून काम, बऱ्याच वर्षांत नियमित व्यायाम असा नाही. ध्येय विचारलं तर म्हणाल्या, वजन थोडं उतरलं तर बरं, पण खरं म्हणजे दोन जिने चढल्यावर दारात उभं राहून दम खावा लागतो ते नको झालंय. उंची, वजन, कंबर सगळं मोजून झालं, त्याचा पुढच्या गोष्टीशी काही संबंध नाही म्हणून आकडे देत नाही. एकच आकडा लक्षात ठेवा. बसलेल्या अवस्थेतली नाडी ५८. ट्रेनीने कार्डावर त्याच्यासमोर लिहिलं "गुड". ते कार्ड माझ्याकडे आलं, मी वाचलं आणि खाली सही ठोकली.

आता बघा, प्रौढ माणसाची विश्रांतीतली नाडी साधारण ६० ते १०० च्या मधे असते. रोज पळणाऱ्या, सायकल मारणाऱ्या माणसाची ५०-५५ असली तर नवल नाही, कारण हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलतं मग ठोके कमी लागतात. पण जिन्यावर धापा टाकणाऱ्या बाईची ५८? काही जणांची असते जन्मजात, नाही असं नाही, पण निदान एक प्रश्न तर पडायला हवा होता ना. त्याला पडला नाही आणि पंधरा वर्षं हे काम करून मलाही पडला नाही.

फॉर्म म्हणजे पार-क्यू प्लस, व्यायाम सुरू करण्याआधीची प्रश्नावली. पहिल्या पानावर सात प्रश्न असतात, हृदयविकार किंवा बीपी, छातीत दुखणं, गेल्या वर्षभरात चक्कर येऊन तोल जाणं किंवा शुद्ध हरपणं, इतर कुठला जुनाट आजार, चालू औषधं, हाडं-सांधे, आणि डॉक्टरांनी देखरेखीखालीच व्यायाम करा असं सांगितलंय का. क्लायंटने स्वतः वाचून भरायचा असतो तो. पण गर्दीची वेळ, मागे दुसरी क्लायंट उभी, म्हणून ट्रेनीने पेन स्वतःच्या हातात घेतलं आणि तोंडी विचारत सुटला. हार्टचं काही? नाही. छातीत दुखतं? नाही. चक्कर? नाही. बीपी-शुगर असं काही आणि त्याची गोळीबिळी? नाही. गुडघे, कंबर? नाही. चला मॅडम, इथे सही करा. दीड मिनिटात काम झालं. चौथा आणि पाचवा प्रश्न, म्हणजे आजाराचा आणि औषधांचा, त्याने एकात कोंबले आणि वर त्याला बीपी-शुगरचं लेबल लावलं. बाईंना ना बीपी ना शुगर, मग त्या दुसरं काय सांगणार, नाहीच म्हणणार.

पहिले दोन सेशन हलकेच होते, हालचाली बघणं, मशीनची ओळख. तिसऱ्या दिवशी कार्डिओ सुरू करायचा ठरलं आणि पठ्ठ्याने कागद-पेन्सिल घेऊन अगदी रीतसर हिशोब केला. २२० वजा ४४, कमाल नाडी १७६. त्यातून विश्रांतीची ५८ वजा, शिल्लक ११८. त्याचे ६० टक्के अधिक ५८ म्हणजे १२९, ७० टक्के धरले तर १४१. झोन, म्हणजे व्यायामात नाडी ज्या पट्ट्यात राहायला हवी तो, ठरला १२९ ते १४१. ही कार्व्होनेनची पद्धत, फिनलंडमधल्या संशोधकाची, १९५७ सालची. गणितात चूक शून्य, परीक्षेत पूर्ण मार्क मिळाले असते.

ट्रेडमिल चालू. ताशी साडेपाच किलोमीटर, थोडा चढ. मनगटावरच्या नाडी दाखवणाऱ्या घड्याळावर ९८. वेग वाढवला, १०४. चढ वाढवला, १०९. मी समोरच्या कोपऱ्यात दुसऱ्या कुणाचं तरी स्क्वॉट बघत होतो आणि माझ्या कानावर येत होतं, "मॅडम अजून थोडं, झोनमधे आलाच नाहीत अजून, छान चाललंय." मान वळवली तर बाईंचे खांदे कानापर्यंत चढलेले, दोन्ही हातांनी पुढचा दांडा घट्ट पकडलेला, बोटांची पेरं पांढरी, तोंड उघडं. ट्रेनी त्यांच्याकडे बघतच नव्हता, त्याची नजर घड्याळावर. ११२. परत ११२. त्याने अजून एक बटण दाबलं. बाई म्हणाल्या, "सर... नाही... हो..." एका श्वासाला एक शब्द, आणि "जमत" म्हणेपर्यंत मी निम्मं अंतर कापलं होतं. तेवढ्यात तो घाबरला आणि त्याने लाल बटण दाबून पट्टा एकदम थांबवला. बाई खाली उतरल्या, दोन पावलं टाकली आणि चेहरा कागदासारखा पांढरा पडला.

धरलं, खाली झोपवलं, पाय बाकावर उंच ठेवले. शुद्ध गेली नव्हती. छातीत दुखतंय का, दाबल्यासारखं वाटतंय का, हातात, जबड्यात, पाठीत काही? नाही म्हणाल्या. बोलणं स्पष्ट होतं, श्वास हळूहळू खाली येत होता. यातल्या एकाचंही उत्तर हो आलं असतं किंवा शुद्ध हरपली असती तर मी पुढचा प्रश्न न विचारता ॲम्ब्युलन्सच बोलावली असती, हे इथे मुद्दाम लिहितोय कारण ट्रेनी लोक अशा वेळी पाणी द्यायला पळतात. तीन मिनिटांनी बीपी घेतलं, ९८/६२. नाडी ६८. खाल्लं होतं का, तर हो, दोन तासांपूर्वी व्यवस्थित जेवल्या होत्या.

मग शेजारी जमिनीवर बसून मी विचारलं, "ताई, रोज कुठलीही गोळी घेता का? कशासाठीही, अगदी साधी वाटली तरी?"

"ती डोक्याची घेते ना, अर्धशिशीची. दोनदा. वर्ष झालं."

बॅगेतून पट्टी काढून दाखवली. प्रोप्रॅनोलॉल.

प्रोप्रॅनोलॉल हा बीटा ब्लॉकर. बीपीसाठी, हृदयासाठी देतात हे आपल्याला माहीत असतं, पण अर्धशिशीचे झटके कमी व्हावेत म्हणूनही देतात, हात थरथरण्यासाठीही देतात. बाईंच्या दृष्टीने ती डोक्याची गोळी, पण हृदयाला काय माहीत ती कशासाठी घेतलीय. व्यायाम सुरू झाला की ॲड्रेनालिन आणि तिची भावंडं हृदयावरच्या बीटा रिसेप्टरवर बसून ठोके वाढवतात, आणि ही गोळी त्या जागा आधीच अडवून ठेवते. ॲक्सिलरेटरखाली लाकडी ठोकळा ठेवल्यासारखं आहे ते, पाय कितीही दाबा, एका मर्यादेपलीकडे पेडल जातच नाही. म्हणून विश्रांतीची नाडी ५८, आणि म्हणूनच जीव जाईस्तोवर चालूनही ११२. बाईंसाठी १२९ हा आकडा त्या दिवशी अस्तित्वातच नव्हता, आणि आम्ही त्यांना त्याच्या मागे पळवत होतो.

ट्रेनीचा पहिला प्रश्न होता, मग फॉर्म्युल्यातून किती वजा करायचे? काही ट्रेनर सरसकट वीस-तीस ठोके वजा करतात, मला ते अजिबात पटत नाही. गोळी कुठली, डोस किती, घेऊन किती तास झाले, माणूस कसा, यावर सगळं बदलतं. गोळी चालू ठेवूनच डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्ट्रेस टेस्ट झाली असेल तर त्यातून मिळालेली नाडी वापरता येते, नाहीतर नाडी हे माप बाजूला ठेवायचं.

आणि मुळात २२० वजा वय हा आकडा गोळी न घेणाऱ्यांसाठी तरी किती खरा? १९७१ पासून तो प्रचारात आला, त्यासाठी कुणी खास प्रयोग मांडून तो सिद्ध केलेला नव्हता. २००१ मधे तनाका आणि सहकाऱ्यांनी २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं सूत्र दिलं. चाळिशीला दोन्ही १८० देतात, विशीला नवीन सूत्र सहाने कमी आणि सत्तरीला नऊने जास्त. म्हणजे आमच्या क्लायंटला ते लावून १७७ आलं असतं, फायदा शून्य. दोन्ही सूत्रं गटाची सरासरी सांगतात, एकेक माणूस त्यापासून दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज असतो, कधी वीसही. हे मी वर्गात सांगतो तेव्हा सगळे माना हलवतात आणि दुसऱ्या दिवशी घड्याळाकडेच बघतात.

मग माप कशाचं घ्यायचं? समोरच्या माणसाचं. स्वीडनच्या गुन्नर बोर्गने श्रमाची जी पट्टी केली ती ६ पासून २० पर्यंत आहे, आणि ६ पासून का तर निरोगी तरुण माणसात तो आकडा गुणिले दहा केला की साधारण नाडी येते, ६ म्हणजे ६०, २० म्हणजे २००. त्या दिवशी बाईंना नंतर विचारलं, तो शेवटचा मिनिट किती वाटला, पट्टी समोर धरली, त्यांनी १८ वर बोट ठेवलं. १८ म्हणजे १८० सारखे श्रम आणि घड्याळ ११२. हा एवढा फरक एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहून मी ट्रेनीला दाखवला, बाकी लेक्चर द्यायची गरज पडली नाही. पट्टी नसेल तर बोलण्याची टेस्ट आहेच, मध्यम व्यायामात माणूस वाक्य बोलू शकतो पण गाणं म्हणू शकत नाही, आणि एकेक शब्द तुटक यायला लागला की तो जोरदार व्यायाम झाला, घड्याळ काहीही म्हणो.

चक्कर का आली हा वेगळा भाग, आणि पट्टा एकदम थांबवायची ती चूक गोळीशिवायही नडू शकते. चालताना पायाचे स्नायू आवळतात-सुटतात आणि शिरांमधलं रक्त वर ढकलतात, पंपच म्हणा. रक्तवाहिन्या तेव्हा उघडलेल्या असतात. पट्टा एकदम थांबवला की पंप बंद पण वाहिन्या उघड्याच, रक्त पायात साचतं, वर परत कमी येतं, बीपी घसरतं. अशा वेळी शरीर ठोके वाढवून सावरून घेतं, आणि नेमकी तीच सोय या बाईंची गोळीने काढून घेतलेली. म्हणून पाच ते दहा मिनिटं वेग उतरवत आणायचा. कूल-डाऊन हा प्रकार उगाच सेशनची वेळ भरायला नसतो, बऱ्याच ट्रेनरना तसंच वाटतं आणि क्लायंटला घाई असली की पहिली कात्री त्यालाच लागते.

बाई उठून बसल्या, रंग परत आला, आणि आमच्या ट्रेनीने काळजीपोटी विचारलं, "मॅडम, व्यायामाच्या दिवशी ती गोळी नाही घेतली तर चालेल का, विचारून बघा ना." मी त्याला तिथल्या तिथे थांबवलं. बीटा ब्लॉकर अचानक सोडला तर नाडी आणि बीपी उसळी मारू शकतात, हृदयाचा त्रास असलेल्याला तर छातीत दुखण्यापर्यंत जाऊ शकतं. आणि हे माहीत नसतं तरी तो प्रश्न आपला नाहीच. गोळी सुरू करणं, थांबवणं, वेळ बदलणं, डोस कमी करणं, यातलं काहीही ट्रेनरच्या तोंडून निघता कामा नये, सूचना म्हणूनही नाही आणि "विचारून बघा" म्हणूनही नाही, कारण क्लायंटच्या कानात "विचारून बघा" गळून पडतं आणि "नाही घेतली तर चालेल" एवढंच राहतं.

त्या दिवशी व्यायाम बंद. घरच्यांना फोन करून न्यायला बोलावलं, एकटं जाऊ दिलं नाही. डॉक्टरांना चार ओळींची चिठ्ठी लिहिली: काय करत होतो, काय झालं, बीपी-नाडी किती होती, आणि पुढे नाडीऐवजी श्रमाच्या पट्टीवर मध्यम व्यायाम घ्यायचा विचार आहे, काही मर्यादा आहेत का. निदान नाही, मत नाही, फक्त जे दिसलं ते. पाच दिवसांनी उत्तर आलं. तपासलं, व्यायाम करायला हरकत नाही, मध्यमच्या वर आत्ता नको, वॉर्म-अप लांबवा, चक्कर आली तर थांबून कळवा. लांब वॉर्म-अपचं आणखी एक कारण होतं, काहींना एकदम जोर केला की त्यानेच अर्धशिशी उठते.

प्लॅन मग नव्याने केला. आठवड्यातून तीन दिवस चालणं, दहा मिनिटं नुसता वॉर्म-अप, मग पंधरा मिनिटं पट्टीवर ११-१२, मग आठ मिनिटं वेग उतरवत कूल-डाऊन. तिसऱ्या आठवड्यापासून १२-१३, वेळ दर आठवड्याला दोन-तीन मिनिटांनी वर. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, वेळ तरी नाहीतर वेग तरी. दोन दिवस ताकदीचा व्यायाम, मोठ्या स्नायूंचे पाच-सहा प्रकार, दोन सेट, दहा-बारा रेप्स, अजून दोन-तीन निघतील अशा वेळी थांबायचं. झोपून करायच्या आणि उभ्याने करायच्या प्रकारांच्या मधे बसायची एक पायरी ठेवली, झटकन उठायचं नाही.

यात एक गोष्ट आधी कुणी बघितलीच नव्हती. लेग प्रेसला, म्हणजे पायांनी वजन ढकलायच्या मशीनवर, बाई श्वास कोंडायच्या, गाल फुगलेले, मान लाल, आणि रेप संपला की फुस्स. सगळेच नवखे करतात हे. १९८५ मधे मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी सरावलेल्या बॉडीबिल्डर्सच्या धमनीत नळी घालून जड लेग प्रेसच्या वेळी बीपी मोजलं, सरासरी ३२०/२५० पर्यंत गेलं आणि एकाचं तर ४८०/३५० च्या वर. अर्थात ते वजन वेगळं, माणसं वेगळी, आमच्या बाईंचं काही तिथवर जात नव्हतं. पण श्वास कोंडून सोडला की बीपी आधी चढतं मग घसरतं, आणि ज्या बाईला आठवड्यापूर्वी गरगरलंय तिला ते कशाला. ढकलताना मोठ्याने आकडा मोजायला सांगितला. बोलायचं म्हटलं की श्वास सोडावाच लागतो, "श्वास सोडा, श्वास सोडा" ओरडत बसण्यापेक्षा हे बरं.

दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात म्हणून फोन आला, तो ठीकच होता, नवीन व्यायामानंतर २४ ते ७२ तास दुखणं जास्त असतं. ट्रेनीने तेवढ्यात लघवीचा रंग कसा आहे, कुठे सूज आहे का हेही विचारलं, कारण स्नायूंना फारच इजा झाली तर लघवी गडद होते. मी सांगितलं नव्हतं, त्याने स्वतःहून विचारलं, आणि तेव्हा मला वाटलं की पोरगा शिकतोय.

सातव्या आठवड्यात खरी परीक्षा झाली. सेशनच्या तासभर आधी बाईंचा मेसेज आला, डॉक्टरांनी डोस निम्मा केलाय, सोबत नवीन पट्टीचा फोटो. त्या दिवशी नेहमीच्याच वेगाला घड्याळावर १२४ दिसायला लागलं, आधी त्याच वेगाला १०३ असायचं. ट्रेनीने माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे वळून विचारलं, "मॅडम, किती?" "बारा." "बोला काहीतरी." त्यांनी घरातल्या नळाची एक लांबलचक तक्रार न थांबता सांगितली. वेग तोच ठेवला. समजा आम्ही आधी १०३ लाच झोन मानून बसलो असतो, तर त्या दिवशी काहीही न बिघडता व्यायाम कमी केला असता.

प्रगती मोजतानाही हीच पंचाईत. एरवी विश्रांतीची नाडी उतरली की फिटनेस वाढला म्हणून आपण खूश होतो, इथे ती डोसप्रमाणे वरखाली होणार, म्हणून तो रकानाच काढून टाकला. त्याऐवजी पट्टीवर १३ वाटेल तो वेग लिहिला. पहिल्या आठवड्यात ताशी ४.६ किलोमीटर, बाराव्यात ५.५. खुर्चीवरून ३० सेकंदात उठबस आधी ११, नंतर १६. वजन अडीच किलो उतरलं, त्यांना जास्त हवं होतं, तो विषय अजून चालूच आहे. दोन जिने एका दमात होतात, दारात बोलत बोलत किल्ली काढतात म्हणे. डोस बदलला तो अर्थात डॉक्टरांनी, झटके कमी झाले होते म्हणून. त्यात व्यायामाचा वाटा किती हे मी सांगणार नाही, ट्रेनीला सांगायचं होतं, त्याला गप्प केलं.

फॉर्म आता क्लायंटच्याच हातात देतो, खुर्ची देतो, दहा मिनिटं देतो. आणि तो भरून झाल्यावर ट्रेनीने तोंडी विचारायचं, "घरातून निघण्याआधी किंवा रात्री झोपताना काय काय गिळता, झोपेची, डोक्याची, पित्ताची, सगळं सांगा, पट्ट्या असतील तर फोटो काढून पाठवा." हा प्रश्न त्या ट्रेनीनेच लिहिलाय. मागच्या आठवड्यात एका साठीच्या काकांनी फॉर्मवर औषधं "नाही" असं लिहिलं आणि या प्रश्नाला खिशातून पाच खणांची डबी काढून टेबलावर ठेवली.